ज्याचे आयुष्य, त्याचा निर्णय : अमेरिकी स्वातंत्र्याविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात अमेरिकेच्या १७७६ सालच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर एक छोटे टिपण दिले होते. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. बहुतेकांचा रोख जाहीरनाम्यापेक्षा तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांच्या वागण्याकडे आहे. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. धाकटा मुलगा एम. एस. करण्यासाठी अमेरिकेला गेला आहे. शैक्षणिक कर्जाला मी सहकर्जदार असून राहते घर तारण आहे. पहिल्या सत्राच्या परीक्षेविषयी मुलगा काही बोलेना, म्हणून मी विद्यापीठाला ई-मेल केला, तर विद्यार्थ्याच्या लेखी संमतीशिवाय माहिती देता येत नाही, असे उत्तर आले. पैसे बापाने उभे करायचे आणि निकाल विचारण्याचा अधिकार मात्र नाही, हे कसले स्वातंत्र्य?
— एक वडील, जुळे सोलापूर

उत्तर : घर तारण ठेवलेल्या माणसाला असे उत्तर मिळाले तर राग येणारच. मात्र विद्यापीठाने तुमचा अवमान केला, असे मानू नका. तेथील कर्मचाऱ्याने १९७४ सालचा एक संघीय कायदा पाळला आहे. 'फर्पा' या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. मूल शाळेत असेपर्यंत त्याच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क या कायद्याने पालकांना दिला आहे. परंतु मूल अठरा वर्षांचे झाले किंवा महाविद्यालयात दाखल झाले की तोच हक्क पालकांकडून निघून विद्यार्थ्याकडे जातो. विद्यार्थ्याच्या जिवाला किंवा आरोग्याला धोका निर्माण झाला, तर विद्यापीठ पालकांना कळवू शकते. आईवडिलांच्या अमेरिकी प्राप्तिकर विवरणात मुलाची अवलंबित म्हणून नोंद असेल, तरीही माहिती देण्याची मुभा आहे. तुमच्या बाबतीत ही दुसरी सोय लागू होणार नाही.

या कायद्यामागची विचारसरणी लक्षात घेतली, तर तेथील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होईल. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अठरा वर्षांच्या मुलांना सक्तीने सैन्यात भरती केले जात होते, पण मतदानाचे वय मात्र एकवीस होते. लढण्याइतका जो मोठा झाला, तो मत देण्याइतकाही मोठा झालाच पाहिजे, अशी मागणी जोर धरत गेली आणि १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय अठरा झाले. ज्याच्यावर परिणाम होणार, निर्णय त्याचाच असला पाहिजे, हे त्या मागणीचे सूत्र होते. आपणही १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणले. पण आपल्याकडे हा बदल मतदान केंद्रापुरताच राहिला, घरात आला नाही. दहावी-बारावीचा निकाल आपण साऱ्या घराचा मानतो, पेढे गल्लीभर वाटतो आणि गुण कमी पडले तर तोंड लपवण्याची वेळही साऱ्या घरावर येते. तेथे गुणपत्रिका ही वैद्यकीय कागदपत्रांसारखी ज्याची त्याची खासगी बाब समजली जाते.

याची दुसरी बाजू मुलासाठी अधिक कठोर आहे. मुलगा तासाला येत नाही म्हणून तेथील प्राध्यापक तुम्हाला फोन करणार नाहीत. विषय जड जात असेल, तर मार्गदर्शकाची वेळ घेऊन त्यालाच जावे लागेल. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला ठरावीक अभ्यासभार सांभाळणे बंधनकारक असते. त्यात अडचण आली, तर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला वेळीच गाठणे हेही त्याचेच काम. मुले याचमुळे गप्प बसतात, असा माझा समज आहे. चूक झाली तर निस्तरायची कशी, हे आपण त्यांना कधी शिकवलेले नसते.

माझे मत स्पष्ट सांगतो. निकाल आणि कर्ज या दोन गोष्टी वेगळ्या करा. कर्ज तुमचे आहे, घर तुमचे आहे. हप्ते कधी सुरू होणार, फेडीची योजना काय, सत्र वाढले तर जादा खर्च किती, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि मुलाने त्याचे आकडेवार उत्तर दिलेच पाहिजे. निकालाबाबत मात्र विद्यापीठाला पुन्हा लिहू नका. माहिती पालकांना देण्याविषयीचा संमतीचा अर्ज बहुतेक विद्यापीठांत मिळतो. तो भरायचा की नाही, हे मुलावर सोपवा आणि त्याने भरला नाही, तरी आठवड्याचा फोन पूर्वीइतक्याच मायेने करा.

प्रश्न : महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेसाठी 'अमेरिका आणि व्यक्तिस्वातंत्र्य' हा विषय मिळाला आहे. स्वातंत्र्य तर सर्वच देशांना प्रिय असते. मग अमेरिकी माणसाला स्वतःच्या स्वातंत्र्याचे एवढे महत्त्व का वाटते?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : स्वातंत्र्य म्हटले की सोलापूरकराला मे १९३० आठवतो. गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटून उठले, काही दिवस इंग्रजांचा अंमल जागेवर राहिला नाही, मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी देण्यात आली. आपल्या मनातले हे स्वातंत्र्य साऱ्या गावाचे आणि साऱ्या देशाचे आहे. अमेरिकेचा लढाही परक्या राजसत्तेशीच होता. परंतु ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध हे जे हक्क सांगितले आहेत, ते एकेका माणसाचे आहेत, आणि सरकार हे ते राखण्यासाठी माणसांनी उभे केलेले साधन आहे, अशी त्यातील मांडणी आहे. १७९१ मध्ये संविधानाला जोडलेल्या पहिल्या दहा दुरुस्त्या याच दिशेने जातात. धर्म, भाषण, वृत्तपत्रे, सभा यांच्या बाबतीत सरकारला काय करता येणार नाही, हे त्यांतली पहिलीच दुरुस्ती सांगते. त्याआधी, युरोपातील राजमान्य चर्चशी न पटल्यामुळे समुद्र ओलांडून आलेल्या पंथीयांनीही या मनोवृत्तीचा पाया घातला होता. त्या भागावर तुमच्या भाषणात फार वेळ घालवण्याची गरज नाही.

वेळ द्यायचा असेल, तर जमिनीला द्या. १८६२ मध्ये लिंकन यांच्या कारकिर्दीत 'होमस्टेड' कायदा झाला. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकाला, तसेच नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्यालाही, किरकोळ शुल्क भरून, १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मागता येत असे. अट एवढीच की पाच वर्षे त्याच जमिनीवर घर बांधून राहायचे आणि ती कसायची. अविवाहित स्त्रिया आणि विधवाही स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत होत्या. या अटीचा समाजरचनेवर काय परिणाम झाला असेल, ते आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या गावाशी ताडून पाहा. आपला शेतकरी गावठाणात राहून रानात जात आला. भिंतीला भिंत लागून घरे, वेशीच्या आत सगळे, आणि सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांची कामे व त्यांचा वाटा जन्मानेच ठरलेला. होमस्टेडवाल्याचे घर मात्र त्याच्या १६० एकरांतच असायला हवे होते, त्यामुळे शेजारचा दिवा सहजी दिसत नसे. विहीर त्यानेच खणायची, दार त्यानेच बसवायचे, आजारपण त्यानेच काढायचे. पिढ्यान् पिढ्या असे काढल्यावर माणसाला आपल्या हिमतीवर उभे राहणे हा सद्गुण वाटू लागला, तर त्यात नवल नाही.

ही जमीन मोकळी नव्हती, हेही त्याच दमात सांगा. ती मूळ रहिवासी जमातींची होती. त्यांना हुसकावल्यावर, १८८७ च्या डॉझ कायद्याने त्यांच्या उरलेल्या सामाईक जमिनीचे व्यक्तिगत तुकडे पाडण्यात आले. जमातींकडे त्या वर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ती सुमारे ४ कोटी ८० लाख एकरांवर आली. एकेकट्याची मालकी हेच स्वातंत्र्य, असे ज्यांनी कधी मानले नव्हते, त्यांच्यावर ते लादून त्यांची जमीन काढून घेण्यात आली. वक्तृत्व स्पर्धेत हा भाग गाळणारे पुष्कळ असतात. तुम्ही गाळू नका.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे नेहमी निसटते. १८३१ मध्ये अमेरिका पाहायला गेलेल्या आलेक्सी द तॉकव्हिल या फ्रेंच विचारवंताने दोन निरीक्षणे शेजारी शेजारी नोंदवली आहेत. येथील माणूस आपले कुटुंब आणि मित्र एवढ्या लहान वर्तुळात शिरून बाकीच्या समाजाकडे पाठ फिरवू शकतो, हे एक. आणि हीच माणसे शाळा, रुग्णालय, चर्च, ग्रंथप्रसार अशा कोणत्याही कामासाठी चटकन एकत्र येऊन मंडळ स्थापन करतात, हे दुसरे. शेजाऱ्याचे धान्याचे कोठार उभारायला सारा परिसर एका दिवशी जमत असे, ती पद्धत आपल्या इर्जिकेहून फार वेगळी नाही. अमेरिकी माणसाला एकत्र येण्याचे वावडे नाही. मात्र कोणत्या मंडळात जायचे आणि कोणते सोडायचे, हे तो स्वतः ठरवतो.

शेवटचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. मॅसॅच्युसेट्समधील लेखक हेन्री डेव्हिड थोरो याने गुलामगिरीला आणि मेक्सिकोवरील युद्धाला पाठिंबा देणाऱ्या सरकारला कर देण्याचे नाकारले आणि १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. अन्यायी कायद्यापुढे एकट्या माणसाच्या विवेकाचे काय कर्तव्य असते, यावरचा त्याचा निबंध १८४९ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजींनी तो वाचला आणि आपल्या साप्ताहिकातून वाचकांपुढे ठेवला. सोलापूर ज्या १९३० च्या कायदेभंगात उतरले, त्याच्या पाठीशी अनेक प्रेरणा होत्या. त्यांपैकी एक ही आहे.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला राहून आले. अडीच वर्षांच्या नातीला वेगळ्या खोलीत झोपवतात. मी तिला भरवू लागले, तर मुलगी म्हणाली, "आई, तिचं तिला खाऊ दे." आठ वर्षांच्या नातवाला स्वतःचे ताट धुवावे लागते. तेथे मुलांना अठराव्या वर्षी घराबाहेर काढतात, असे ऐकले होते. ही त्याचीच तयारी आहे काय? मला त्या घरात पाहुण्यासारखे वाटले.
— एक आजी, होटगी रोड

उत्तर : आजी, तुम्हाला वाईट वाटले ते योग्यच आहे, नात मांडीवर असताना हात आवरून बसणे सोपे नसते. तरीही मुलीच्या त्या वागण्यात तुमच्याविषयी दुरावा नाही, हे मी खात्रीने सांगतो. तेथे स्वावलंबनाची सवय पाळण्यापासून लावतात. सकाळी मुलासमोर दोन सदरे धरून "निळा की पिवळा?" असे विचारतात. नीट पाहिलेत तर दिसेल की या विचारण्याला सीमा असते. सदरा घालायचा की नाही, हे कोणी विचारत नाही, आणि झोपायची वेळ तर अजिबात विचारत नाहीत. निवड लहान असते, पण ती केल्यावर पुढचे सोसायचे असते. नातीने पोळी टाकून दिली, तर पुढच्या खाण्याच्या वेळेपर्यंत भूक तिची तिला कळते. आपल्याकडे वरणभाताची वाटी घेऊन आई अंगणभर मुलामागे धावते, आणि मुलाला भूक लागली आहे की नाही, हे आईच ठरवते.

वेगळे झोपवण्यामागे काही अंशी वैद्यकीय सल्ला आहे. तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक होणारा मृत्यू टाळण्यासाठी, किमान सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत असावे, पण त्याचे अंथरूण स्वतंत्र असावे, असे तेथील बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. पुढे वेगळी खोली देणे हा रिवाज आहे, आणि त्याबद्दल मलाही फारसा उत्साह नाही. रात्री दचकून उठलेल्या मुलाच्या पाठीवर लगेच हात पडावा, या आपल्या पद्धतीत मला कोणतेही न्यून दिसत नाही.

घराबाहेर काढण्याची गोष्ट मात्र अतिरंजित आहे. मुले अठराव्या वर्षी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेर पडावीत अशी अपेक्षा असते. पण जुलै २०२० मध्ये, साथीच्या काळात, १८ ते २९ वयोगटातील ५२ टक्के अमेरिकी तरुण आईवडिलांपैकी किमान एकाच्या घरी राहत होते, असे प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत आढळले. अडचणीत दार तेथेही उघडते.

पुढच्या खेपेला नातवाला ज्वारीची भाकरी थापायला बसवा. पीठ सोलापुरातूनच न्या. परातीत पीठ मळण्यापासून तव्यावर पाणी फिरवण्यापर्यंत सगळे त्याचे त्याला करू द्या. भाकरी फाटली, तरी तुम्ही हात लावू नका. मुलीला ते आवडेल, आणि त्या घरातली एक गोष्ट सर्वस्वी तुमच्याकडून आलेली असेल.

प्रश्न : त्यांचे स्वातंत्र्य म्हणजे म्हाताऱ्यांना वृद्धाश्रमात टाकण्याची मोकळीकच ना?
— एक व्यापारी, नवी पेठ

उत्तर : नाही. शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण तेथे अगदी थोडे आहे. बहुतेक जण स्वतःच्या घरी राहतात, आणि आजारपणात त्यांचे करणारे बहुधा मुली, मुले किंवा जोडीदारच असतात. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने निवृत्तिवेतन आणि १९६५ च्या 'मेडिकेअर' योजनेने पासष्टीनंतरचा आरोग्यविमा मिळू लागला, त्यामुळे मुलांपुढे हात न पसरता जगणे शक्य झाले आणि वृद्धांना स्वतःलाही ते हवे असते. एकटेपणा मात्र खरा आहे. तेथील तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याविषयी देशाला सल्ला देणारे प्रमुख अधिकारी, डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये त्यावर देशाला जाहीर इशारा दिला होता. आपल्याकडे आईवडिलांना पोटगी मिळवून देण्यासाठी २००७ मध्ये कायदा करावा लागला, हेही विसरू नये.

प्रश्न : गुलाम बाळगणाऱ्यांनी लिहिलेल्या जाहीरनाम्याचे कौतुक आपण का करावे?
— एक वाचक, मंगळवेढा

उत्तर : कौतुक डोळे उघडे ठेवूनच करावे. जाहीरनामा लिहिणारे थॉमस जेफर्सन आयुष्यभर शेकडो माणसांचे मालक होते, आणि सर्व माणसे समान आहेत हे वाक्यही त्यांचेच आहे. गुलामगिरीतून पळून स्वतंत्र झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी केलेल्या भाषणात, तुमचा हा चार जुलै गुलामाच्या काय कामाचा, असा सवाल केला. तरीही त्यांनी जाहीरनामा फाडा म्हटले नाही, तो पाळा म्हटले. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली, १९२० मध्ये स्त्रियांचा मताधिकार संविधानात आला, १९६५ च्या कायद्याने दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना मतदान खऱ्या अर्थाने शक्य झाले, आणि गोऱ्या-काळ्यांच्या विवाहावरील राज्यांची बंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केली. ही प्रत्येक पायरी वंचितांनी त्या जाहीरनाम्याचीच भाषा वापरून चढलेली आहे.

महात्मा फुले यांनी हे कोणाच्याही आधी ओळखले होते. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना उद्देशून लिहिली आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बंधूंच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, अशी आशा व्यक्त केली. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथील तत्त्वज्ञ जॉन ड्युई या आपल्या गुरूचे ऋण ते पुढे मानत राहिले. जेथे चोखोबांना विठ्ठलाच्या पायरीपुढे जाता आले नाही, त्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपणांस जन्मावरून माणसाची जागा ठरवू न देणाऱ्या विचाराची गरज नाही, असे कोण म्हणेल?

प्रश्न : मी तेवीस वर्षांची आहे. पुण्यात नोकरी मिळाली आहे. वडील म्हणतात, लग्नानंतर नवरा नेईल तिकडे जा, एकटीने राहायचे नाही; तुला अमेरिकेचे वारे लागले आहे. मी काय करू?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या मागणीत अमेरिकेचे काही नाही. १८८४ मध्ये मुंबईत रखमाबाईंवर त्यांच्या पतीने नांदायला येण्याचा दावा लावला. लहानपणी लावून दिलेले लग्न त्यांनी मानले नाही, आणि नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाल्यावर तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. त्यांनी पुढे डॉक्टर होऊन अनेक दशके रुग्णसेवा केली. आपल्या संविधानाचा अनुच्छेद २१ तुमच्या व्यक्तिगत स्वातंत्र्याला संरक्षण देतो, आणि सज्ञान व्यक्तीने आपला जोडीदार निवडायला घराण्याची किंवा समाजाची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. नोकरीचे गाव निवडणे तर त्याहून साधी बाब आहे.

अमेरिकी मुलींकडून घ्यायचेच असेल, तर निर्णयाची किंमत स्वतः मोजण्याची त्यांची रीत घ्या. पगार किती, वसतिगृहाचे भाडे किती, जेवणाचा खर्च किती, रात्री उशीर झाला तर येण्याची सोय काय, हे सर्व एका कागदावर मांडा आणि तो कागद वडिलांपुढे ठेवा. त्यांच्या भीतीत सुरक्षिततेची जी रास्त काळजी आहे, तिला त्यातून उत्तर मिळेल. लोक काय म्हणतील या काळजीला उत्तर देणे तुमच्यावर बंधनकारक नाही. पहिला महिनाभर आईला पुण्यात सोबत राहायला बोलवा, म्हणजे घरातील एका माणसाने ती जागा डोळ्यांनी पाहिलेली असेल. बोलणी चालू असतानाच कंपनीला होकाराचे पत्र मुदतीच्या आत पाठवा, आणि ते पाठवले आहे हे घरात त्याच दिवशी सांगा.